व्हॉट्सॲपवरचा फ्लेमिंग विसरा! पेनिसिलिन शोधणाऱ्या खऱ्या माणसाने अँटिबायोटिकबद्दल ८० वर्षांपूर्वीच काय सांगून ठेवलं होतं?

माझ्या मावसबहिणीच्या मुलाला जन्मतःच टाळूला फट होती. म्हणजे तोंड आणि नाक यांच्यामधलं छत पूर्ण जुळलेलंच नव्हतं. दूध पाजलं की अर्धं नाकातून बाहेर यायचं. वर्षाचा झाल्यावर त्याचं ऑपरेशन झालं. भूल दिल्यावर शिरेतून अँटिबायोटिकचा एक डोस दिला आणि घरी सोडताना पाच दिवसांचं पातळ औषध लिहून दिलं.

खरी गंमत त्यानंतर आमच्या फॅमिली ग्रुपवर सुरू झाली. एका काकांचं म्हणणं, पाच दिवसांनी काय होतंय, तोंडातली जखम आहे, चांगलं दहा दिवस द्या. आत्याचं म्हणणं, पोरगं खेळायला लागलंय ना, मग तिसऱ्या दिवशीच बंद करा, ही औषधं फार गरम पडतात. तेवढ्यात मामांनी एक फॉरवर्ड टाकला. एका गरीब स्कॉटिश शेतकऱ्याने चिखलात रुतलेल्या छोट्या विन्स्टन चर्चिलला वाचवलं, त्याची परतफेड म्हणून चर्चिलच्या वडिलांनी शेतकऱ्याच्या मुलाला डॉक्टर केलं, तो मुलगा म्हणजे अलेक्झांडर फ्लेमिंग आणि पुढे त्याच्याच पेनिसिलिनने चर्चिलचा जीव वाचला!

गोष्ट लय भारी आहे, पण खोटी आहे. मजा म्हणजे काका, आत्या आणि मामा, तिघांनाही उत्तर मिळतं ते फ्लेमिंगच्या खऱ्या आयुष्यातच. तेच आज सविस्तर पाहू.

शेतकऱ्याचं पोर लंडनला गेलं

फ्लेमिंगचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ चा. स्कॉटलंडमधल्या एअरशायर भागात डार्वेल नावाचं गाव आहे, त्याच्याजवळच्या लॉकफील्ड नावाच्या शेतावर तो जन्मला. वडील ह्यू फ्लेमिंग शेतकरी, एवढं फॉरवर्डमधलं बरोबर आहे. अलेक्झांडर हा त्यांच्या दुसऱ्या लग्नातला मुलगा. तो सात वर्षांचा असतानाच वडील वारले. आई ग्रेस आणि थोरल्या सावत्र भावाने शेत सांभाळलं.

तेराचौदा वर्षांचा असताना तो लंडनला आला, कारण त्याचा एक मोठा भाऊ तिथे डॉक्टर होता. थोडं शिक्षण झाल्यावर त्याने एका जहाज कंपनीच्या ऑफिसात कारकुनी धरली आणि चार वर्षं तेच केलं. कंटाळवाणं काम होतं, पण पोटापाण्याचा प्रश्न होता.

मग एका काकांचं निधन झालं आणि त्यांच्या मालमत्तेतला वाटा फ्लेमिंगला मिळाला. डॉक्टर भावाने सुचवलं, की या पैशातून तूही डॉक्टर हो. म्हणजे शिक्षणाचा खर्च चर्चिल घराण्याने नाही, काकांच्या वाट्याने आणि मिळालेल्या स्कॉलरशिपने भागवला.

लंडनमध्ये मेडिकल कॉलेजं बरीच होती. त्यातून त्याने सेंट मेरीज निवडलं, का? तर या कॉलेजच्या टीमविरुद्ध तो वॉटर पोलो खेळला होता, म्हणून नाव ओळखीचं! १९०६ मध्ये तो डॉक्टर झाला. आता त्याला सर्जन व्हायचं होतं. पण तो नेमबाज म्हणून एक नंबर होता आणि कॉलेजच्या रायफल क्लबला त्याला सोडायचं नव्हतं. क्लबच्या कॅप्टनने त्याला तिथल्याच लसींच्या विभागात चिकटवून दिलं. विभागप्रमुख होते अल्मरॉथ राइट, त्या काळातलं जंतुशास्त्रातलं मोठं नाव.

थोडक्यात, एका पोहण्याच्या खेळामुळे कॉलेज ठरलं आणि बंदुकीच्या नेमामुळे करिअर. पुढची जवळजवळ सगळी हयात त्याने याच हॉस्पिटलमध्ये काढली.

जखम साफ दिसते, पण जंतू कोपऱ्यात असतात

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. राइट आणि फ्लेमिंग यांची रवानगी फ्रान्समधल्या बुलोन शहरात झाली. तिथल्या एका कॅसिनोत लष्करी हॉस्पिटल थाटलं होतं आणि तिथेच यांची प्रयोगशाळा.

जखमी सैनिक यायचे ते शेतातल्या मातीने, शेणखताने आणि कपड्यांच्या चिंध्यांनी भरलेल्या जखमा घेऊन. गोळी लागून वाचलेली माणसं चारआठ दिवसांनी जखम सडून मरायची. उपाय एकच ठाऊक होता: जखमेत जंतुनाशक ओता, भरपूर ओता.

फ्लेमिंगला प्रश्न पडला, की एवढं ओतूनही माणसं का मरतायत? त्याने काचेची एक नळी तापवून तिला बाहेरच्या बाजूला काट्यांसारखी टोकं काढली. खऱ्या जखमेत असतात तशा आडव्यातिडव्या फटीच म्हणा ना. त्यात जंतू भरले, मग जंतुनाशक ओतलं, ते काढलं आणि परत पोषक द्रव भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी जंतू पुन्हा जिवंत आणि जोमात! जंतुनाशक टोकांपर्यंत पोचलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट आणखी वाईट होती. ही तीव्र औषधं जंतूंच्या आधी आपल्याच पांढऱ्या पेशी मारत होती. म्हणजे घरात चोर शिरला म्हणून आपणच पहारेकऱ्याला गोळी घालायची, असला प्रकार. राइट आणि फ्लेमिंग यांचं म्हणणं होतं, की मेलेलं मांस काढा, मिठाच्या पाण्याने जखम धुवा आणि शरीराला त्याचं काम करू द्या. तेव्हाच्या बऱ्याच सर्जन मंडळींना हे पटलं नाही.

पण फ्लेमिंगच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. जंतूंना मारेल पण शरीराला धक्का लावणार नाही, असं काहीतरी हवं.

शेंबूड, अश्रू आणि लिंबू

युद्धावरून परतल्यावर १९२१ च्या सुमाराला त्याला सर्दी झाली. या पठ्ठ्याने काय करावं? स्वतःचाच शेंबूड जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत टाकला! काही दिवसांनी बघतो तर शेंबडाच्या आजूबाजूचे जंतू विरघळून गेलेले.

मग अश्रू तपासायची टूम निघाली. प्रयोगशाळेतले सहकारी आणि आलेगेले, सगळ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळून अश्रू गोळा केले जायचे. त्यातून सापडलं लायसोझाइम नावाचं द्रव्य. ते आपल्या अश्रूंत, लाळेत, नाकातल्या चिकट द्रवात असतं. अडचण एवढीच, की ते गंभीर आजार करणाऱ्या जंतूंपुढे फारसं चालत नव्हतं. जगाने या शोधाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, पण पुढचा शोध ओळखायची नजर फ्लेमिंगला इथेच मिळाली.

सुट्टीवरून आला आणि बुरशी दिसली

हा किस्सा तुम्ही शाळेत वाचलाच असेल. सप्टेंबर १९२८. फ्लेमिंग सुट्टीवरून परतला. जाताना त्याने स्टॅफिलोकॉकस या पू करणाऱ्या जंतूच्या बशा टेबलावर तशाच सोडल्या होत्या. आवराआवरीत तो तसा ढिलाच होता. एका बशीत बुरशी आली होती आणि तिच्या भोवतीचे जंतू नाहीसे झाले होते.

यात नशीब किती होतं बघा. बुरशीला वाढायला थंडावा लागतो आणि या जंतूंना ऊब. त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये आधी काही दिवस गार हवा पडली आणि मग उकाडा वाढला. त्यामुळे बुरशी आधी वाढली, जंतू नंतर आले. उलटं झालं असतं तर काहीच दिसलं नसतं. बुरशीचा कण बहुतेक खालच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतून आला असावा, कारण तिथे बुरश्यांवरच काम चालायचं.

पण नशिबाच्या पुढे नजर लागते. दुसऱ्या कुणीही ती बशी खराब झाली म्हणून टाकून दिली असती. फ्लेमिंगने सात वर्षांपूर्वी शेंबडाच्या बशीत असंच काहीतरी पाहिलं होतं, म्हणून तो थांबला. त्याने बुरशी वाढवून तिच्या रसाची चाचणी घेतली. युद्धातली शिकवण आठवून त्याने मुद्दाम एक गोष्ट तपासली: हा रस पांढऱ्या पेशींना मारतो का? नाही मारत! १९२९ मध्ये त्याने या द्रव्याला पेनिसिलिन नाव दिलं आणि शोधनिबंध छापला.

मग तो हिरो झाला? अजिबात नाही

इथेच बहुतेक पोस्ट संपतात. पण खरं तर पेनिसिलिन त्यानंतर दहाअकरा वर्षं जवळपास अडगळीत पडलं. फ्लेमिंगच्या दोन सहाय्यकांनी ते शुद्ध करायचा प्रयत्न केला, पण ते टिकतच नव्हतं. फ्लेमिंग स्वतः रसायनशास्त्रज्ञ नव्हता. शिवाय तो अत्यंत कमी बोलणारा आणि भाषण द्यायला कंटाळवाणा. शोध लोकांच्या गळी उतरवणं त्याला जमलं नाही.

पुढचं काम ऑक्सफर्डच्या टीमने केलं. हॉवर्ड फ्लोरी, नाझी जर्मनीतून पळून आलेला अर्न्स्ट चेन आणि जुगाडात उस्ताद असलेला नॉर्मन हीटली. २५ मे १९४० ला त्यांनी आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले आणि त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. सकाळपर्यंत पेनिसिलिन न मिळालेले चारही मेले होते. मिळालेले चारही जिवंत होते. हे वाचून फ्लेमिंग ऑक्सफर्डला भेटायला निघाला, तेव्हा चेनला धक्काच बसला म्हणे. त्याला वाटत होतं, फ्लेमिंग कधीच वारला असेल!

बुरशी वाढवायला भांडी नव्हती म्हणून या लोकांनी हॉस्पिटलातली बेडपॅनसुद्धा वापरली. १२ फेब्रुवारी १९४१ ला पहिल्यांदा एका गंभीर पेशंटला उपचार म्हणून ते दिलं गेलं. अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस शिपाई. चेहरा जंतुसंसर्गाने सडला होता, एक डोळा गेला होता. काही दिवसांतच ताप उतरला, तो जेवायला लागला. पण औषधाचा साठा संपत आला. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलिन गाळून पुन्हा त्यालाच दिलं, तरी पुरलं नाही. संसर्ग उलटला आणि १५ मार्चला तो गेला.

औषध योग्य होतं, पण पुरेसं नव्हतं. आमच्या आत्याला हा किस्सा मी मुद्दाम पाठवला.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये फ्लेमिंगच्या भावाच्या ओळखीचा एक पेशंट मेंदूच्या आवरणाला संसर्ग होऊन मरणाच्या दारात होता. फ्लेमिंगने फ्लोरीकडे औषध मागितलं आणि फ्लोरीने होतं तेवढं दिलं. फ्लेमिंगने ते थेट मणक्यात टोचलं आणि माणूस वाचला. त्यानंतर पेपरांत बातम्या आल्या, राइटने फ्लेमिंगचं नाव पुढे केलं आणि बघता बघता तो जगप्रसिद्ध झाला. ऑक्सफर्डवाल्यांना हे फार लागलं, आणि लागणं साहजिकही होतं. त्यांच्याशिवाय पेनिसिलिन म्हणजे बशीतली एक गंमत राहिली असती.

१९४४ मध्ये फ्लेमिंग सर झाला. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळून मिळालं. हीटलीचं नाव त्यात नव्हतं.

आणि हो, चर्चिल. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांना न्यूमोनिया झाला होता हे खरं. पण त्यांना दिलं गेलं ते सल्फा गटातलं औषध, पेनिसिलिन नव्हे.

नोबेल घेताना दिलेला इशारा

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिसेंबर १९४५ मध्ये स्टॉकहोमला फ्लेमिंगचं नोबेलचं भाषण झालं. सगळं जग पेनिसिलिनच्या नावाने नाचत होतं. हा माणूस मात्र शेवटाकडे येऊन धोक्याबद्दल बोलला. त्याचं सांगणं साधं होतं. प्रयोगशाळेत जंतूंना मरणार नाहीत इतक्या कमी मात्रेत पेनिसिलिन दिलं, की ते त्याला सरावतात. उद्या हे औषध कुणीही दुकानातून विकत घेऊ शकेल, कमी डोस घेईल आणि शरीरातल्या जंतूंना सरावाची संधी देईल. त्याने एका काल्पनिक नवऱ्याचं उदाहरण दिलं. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच थोडं पेनिसिलिन घेतो. त्याचे सरावलेले जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही आणि ती मरते. दोष कुणाचा, हा प्रश्न त्याने श्रोत्यांपुढे टाकला.

हे फार लवकर खरं ठरलं. ब्रिटनने १९४७ मध्ये कायदा करून पेनिसिलिन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरी लंडनच्या एका हॉस्पिटलात मेरी बार्बर या डॉक्टर बाईंनी तपासलं, तर १९४८ पर्यंत तिथल्या निम्म्याहून जास्त स्टॅफिलोकॉकस जंतूंना पेनिसिलिन लागूच पडत नव्हतं. हाच तो बशीतला जंतू!

मग टाळूच्या ऑपरेशनचं काय?

टाळूचं ऑपरेशन म्हणजे तोंडातली जखम. तोंड कितीही धुतलं तरी निर्जंतुक होत नाही. टाके नीट भरले नाहीत तर टाळूला छिद्र राहू शकतं. मग पुन्हा दूध-पेज नाकातून येते, बोलणं नाकात जातं आणि कधीकधी परत ऑपरेशन करावं लागतं. म्हणून संसर्ग होण्याआधीच अँटिबायोटिक द्यायची पद्धत आहे.

यात वेळ फार महत्त्वाची. १९६१ मध्ये अमेरिकन सर्जन जॉन बर्क यांनी गिनीपिगवर दाखवलं, की जंतू शिरताना औषध आधीच शरीरात असेल तर त्याचा फायदा सगळ्यात जास्त. तीन तास उशीर झाला की जवळजवळ शून्य. म्हणून कापायच्या आधीचा तो एक डोस असतो.

नंतर किती दिवस? इथे डॉक्टरांमध्येच एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१६ चा सर्वसाधारण सल्ला असा, की ऑपरेशन संपल्यावर केवळ खबरदारी म्हणून अँटिबायोटिक लांबवू नका. पण टाळूच्या बाबतीत काही सर्जन एका डोसवर थांबतात, काही थोडे दिवस देतात. बाळाचं वजन, फटीची रुंदी, टाक्यांवरचा ताण, आधीचा संसर्ग हे सगळं बघून ते ठरतं. आणि जखम भरते ती मुख्यतः चांगल्या शिवणीमुळे, रक्तपुरवठ्यामुळे आणि बाळाच्या पोषणामुळे. अँटिबायोटिक फक्त मदतनीस आहे. बुलोनच्या काचेच्या नळीने फ्लेमिंगला हेच तर शिकवलं होतं.

म्हणजे दहा दिवस म्हणणारे काकाही चुकले आणि तिसऱ्या दिवशी बंद करा म्हणणारी आत्याही. जास्त दिले तर बाळाचं पोट बिघडतं आणि टिकून राहिलेले जंतू सरावतात. मनाने कमी केलं तर ज्या कारणासाठी दिलं तेच साधत नाही. किती द्यायचं हे ज्याने टाळू शिवली त्याला विचारायचं. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ती याचसाठी. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, एवढाच तिचा अर्थ.

पिंपरीपर्यंत आलेली बुरशी

११ मार्च १९५५ ला लंडनमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने फ्लेमिंग गेला. त्याच्या अस्थी सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये आहेत. माद्रिदच्या बुलफाइटच्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे आणि समोर टोपी काढून उभा असलेला बुलफायटर. बैलाच्या शिंगाने झालेल्या जखमा चिघळून मरणारे बुलफायटर पेनिसिलिनमुळे वाचायला लागले, म्हणून हा मान.

आपल्याकडे पुतळा नसेल, पण खूण आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. पुणेकरांची एचए कंपनी ती हीच. फ्लेमिंग गेला त्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनायला लागलं. तोवर बाहेरून आणावं लागणारं औषध आपल्या मातीत तयार झालं.

आता भाच्याचं. ताईने ग्रुप म्यूट केला, सर्जनना फोन लावला आणि सांगितलं तेवढंच केलं. पाच दिवस, वेळेवर, मोजून, आणि उरलेली बाटली पुढच्या सर्दीसाठी न ठेवता टाकून दिली. तपासणीत टाके छान भरलेत असं सांगितलं. परवा त्याने ताईला पहिल्यांदा स्पष्ट हाक मारली. प, ब, म ही अक्षरं ओठांची असली तरी टाळू उघडी असली की प आणि ब नाकातून निसटतात. त्याची हाक होती बाबा. ताई जरा रुसलीये, पण चालायचंच.